खड्डे बुजविण्याची मजुरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलाविले तेव्हा मी किमान वेतनावर, कंत्राटी कामगारांवर किंवा बंद पडलेल्या सूतगिरण्यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी, आणि ती गैर नव्हती. गेली तीसेक वर्षे मी तेच बोलत आलो आहे. परंतु मी विषय कळविला तो वेगळाच. ‘जीवसृष्टीच्या अभ्यासासाठी जिवंत जीवांचे नमुने घेणाराची जबाबदारी’ हे शब्द वाचून चालकांपैकी एकांनी मला विचारले, “दुसऱ्या वक्त्याचा विषय चुकून आपल्या नावावर तर लागला नाही ना?” तो माझाच विषय आहे. तो माझा कसा झाला, हे सांगण्यातच माझे निम्मे व्याख्यान आहे.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते रात्रपाळीच्या मधल्या सुटीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा शास्त्राच्या बाबतीत माझ्याकडून काही चूक झाली, तर येथे बसलेल्या प्राध्यापकमंडळींनी ती अवश्य सुधारावी. मात्र ‘नमुना’ हा शब्द मी पुस्तकात शिकलो नाही. तो मी गिरणीत शिकलो.

खानदेशातल्या एका सूतगिरणीत मी सुरुवातीची काही वर्षे चाचणी विभागात मदतनीस होतो. सूत किती बळकट आहे हे पाहण्याची तेथील रीत अशी. दीड वार घेराच्या रिळावर ऐंशी फेरे घ्यावयाचे. त्याची एकशेवीस वारांची लड होते. तिला आम्ही ‘ली’ म्हणतो. ती यंत्राच्या दोन आकड्यांना अडकवावयाची, आणि तुटेपर्यंत ताणावयाची. कितव्या पौंडाला तुटली, तो आकडा वहीत जातो. तुटलेली लड मात्र टाकाऊ मालात जाते. तिचे कापड कधीच होत नाही. म्हणजे सुताची ताकद कळावी म्हणून काही सूत मारावे लागते.

पहिल्याच आठवड्यात मी उत्साहाच्या भरात ठरल्याहून दुप्पट लड्या तोडल्या. विभागप्रमुख मला म्हणाले, “आकडा दहा लड्यांत कळत असेल, तर अकरावी लड ही नासाडी आहे. आणि पाचच तोडून आकडा नीट कळला नाही, तर त्या पाचही नासाडीच.” दुसरे वाक्य मला त्या वेळी समजले नाही. पुष्कळ वर्षांनी समजले, आणि ते सातपुड्याच्या पायथ्याशी.

झाले असे. एका संशोधनसंस्थेचे काम त्या जंगलात चालू होते. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. सांगून कोणाचे भले होणार नाही. जमिनीवर चालणारे किडे कोणत्या जंगलात किती आहेत, हे त्यांना मोजावयाचे होते. त्यासाठी जमिनीत एक छोटा खड्डा खणतात, त्यात प्लास्टिकचा पेला असा बसवितात की त्याची कड मातीशी अगदी समपातळीत यावी, आणि तळाशी थोडे औषधी पाणी घालतात. रात्री फिरणारा भुंगेरा, कोळी, विंचू, मुंगळा चालता चालता आत पडतो. ठराविक दिवसांनी पेले उचलून आतला माल बाटलीत भरतात. अशा दहा दहा पेल्यांच्या बारा ओळी होत्या. खणणारे आमच्या संघटनेचे रोजंदार सभासद होते. त्यांची मजुरी थकली, म्हणून प्रकरण माझ्याकडे आले.

मागण्यांची यादी करावयास आम्ही बसलो. त्यांच्यातले एक म्हातारे सभासद म्हणाले, “भाऊ, खणायची मजुरी तर मागूच, पण बुजवायची कोण देणार?” मी विचारले, “बुजवायचे काय?” ते म्हणाले, “खड्डे. काम संपले, पोरं बाटल्या घेऊन गेली, पेले तसेच आहेत. आम्ही येता-जाता जमतील तेवढे बुजवतो. पण रोज कोण बुडविणार?” मी ते कलम लिहून घेतले. पुढे वाटाघाटीत संस्थेच्या माणसाने अंदाजपत्रक दाखविले. त्यात खणण्याची रक्कम होती, बाटल्यांची होती, जीपच्या पेट्रोलची होती, बुजविण्याची नव्हती. तडजोड करताना काहीतरी सोडावे लागते. मी ते कलम सोडले. मनात म्हणालो, माणसांचे पैसे वसूल होत आहेत, किड्यांसाठी कोठे ताणावे!

पावसाळा गेल्यावर दुसऱ्या कामासाठी मी त्या भागात गेलो. म्हाताऱ्यांनी मला मुद्दाम त्या जागी नेले. उघड्यावरचे खड्डे त्यांनी बुजविले होते, परंतु घाणेरीच्या जाळीतले अकरा पेले राहून गेले होते. त्यांत पावसाचे पाणी भरलेले. औषध केव्हाच धुऊन गेले होते, पण पेल्याची गुळगुळीत भिंत तशीच होती. एकात दोन बेडकुळ्या, एकात सापसुरळी, एकात चिचुंद्रीची हाडे आणि कातडे. बाकीच्यांत भुंगेऱ्यांच्या टणक पाठी तरंगत होत्या. अभ्यास संपून पाच महिने झाले होते. सापळ्याला ते कळविण्यास कोणी आले नव्हते. आम्ही चौघांनी अर्ध्या दिवसात ते सारे काढून बुजविले. अर्ध्या दिवसाचे काम, आणि ते मी चर्चेच्या टेबलावर सोडून दिले होते! ह्या गोष्टीत मी फिर्यादी नाही. आरोपींच्या रांगेतला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मी संस्थेला पत्र लिहिले. साहेबलोकांचे उत्तर आले नाही. ते काम करणारी विद्यार्थिनी मात्र स्वतः आली. ती मुलगी खरी कष्टाळू होती. बसल्यावर म्हणाली, “काका, त्याहून वाईट सांगू? माझ्या बाटल्यांतल्या चिठ्ठ्या बॉलपेनने लिहिल्या होत्या. अल्कोहोलमध्ये शाई उतरली. निम्म्या बाटल्या कोणत्या ओळीतल्या, कोणत्या तारखेच्या, हे आता कळत नाही.” शिसपेन्सिलीने लिहिले असते तर अक्षर राहिले असते. दोन रुपयांच्या पेन्सिलीअभावी हजारो जीव मेले आणि त्यांनी काहीच सांगितले नाही. तेव्हा मला माझ्या विभागप्रमुखांचे ते दुसरे वाक्य समजले. जेवढ्याने उत्तर मिळत नाही, तेवढेही घेणे ही नासाडीच.

हे ऐकून आपल्यापैकी कोणी म्हणतील, “मग घेऊच नयेत नमुने! ज्ञानासाठी जीव मारणे पापच.” मी असे म्हणत नाही, आणि का म्हणत नाही ते सांगतो.

जर्मनीत क्रेफेल्ड नावाचे गाव आहे. तेथील कीटक-अभ्यासकांचे मंडळ म्हणजे बव्हंशी हौशी माणसे. त्यांनी १९८९ पासून आपल्या देशातल्या राखीव प्रदेशांत तंबूसारखे जाळीचे सापळे लावले आणि त्यांत सापडलेले उडते कीटक अल्कोहोलमध्ये जपून ठेवून त्यांचे वजन केले. त्रेसष्ट ठिकाणी, सत्तावीस वर्षे हे चालले. २०१७ मध्ये हिशेब प्रसिद्ध झाला. त्या काळात उडत्या कीटकांचे वजन पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक घटले होते, आणि तेही राखलेल्या रानांत! जगाला जाग आली ती ह्या आकड्याने. त्या माणसांनी किडे मारले, ही गोष्ट खरी. पण एकच पद्धत, एकाच मापाचा सापळा, प्रत्येक बाटलीवर जागा आणि तारीख, आणि बाटल्या फेकल्या नाहीत. म्हणून मेलेल्या किड्यांनी जिवंत किड्यांच्या वतीने साक्ष दिली.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. शाही ससाण्याची अंडी घरट्यांतून पळवून कपाटात मांडण्याचा षोक तेथे पुष्कळांना होता. ती चोरीच होती. मी तिचे समर्थन करीत नाही. परंतु त्या अंड्यांवर साल लिहिलेले असे. डेरेक रॅटक्लिफ ह्या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये जुन्या-नव्या कवचांची तुलना करून दाखविले, की १९४७ च्या सुमारापासून कवच एकाएकी पातळ झाले आहे. डीडीटीसारख्या औषधांनी पक्ष्यांचा वंश कसा बुडत होता, ह्याचा तो मोठा पुरावा ठरला. अंड्यावरचे साल पुसले गेले असते, तर हा पुरावा उभाच राहिला नसता.

तेव्हा नमुना घेणे हे पाप आहे असे मी मानीत नाही. मी त्याला कर्ज मानतो. कर्ज काढणे गुन्हा नव्हे; पण किती काढले, कशासाठी काढले आणि फेडले का, हे विचारण्याचा हक्क दुसऱ्यांना असतो. येथे देणेकरी बोलतो आणि सावकार मुका आहे. म्हणून देणेकऱ्यानेच स्वतःच्या हाताने वही लिहावी लागते.

त्या वहीतली पहिली नोंद म्हणजे मुळात शिल्लक किती आहे. मेक्सिकोच्या पश्चिमेला ग्वादालुपे नावाचे बेट आहे. तेथे काराकारा जातीचा एक शिकारी पक्षी होता. जगात दुसरीकडे कोठेही नव्हता. शेळ्या पाळणाऱ्यांनी त्याला विष घालून, गोळ्या घालून आधीच संपवीत आणले होते. १ डिसेंबर १९०० रोजी रोलो बेक हे नमुने गोळा करणारे गृहस्थ त्या बेटावर उतरले. अकरा पक्षी त्यांच्याकडे उडत आले. त्यांपैकी नऊ त्यांनी टिपले. पक्षी निर्धास्त जवळ येतात त्या अर्थी पुष्कळ असतील, असे त्यांना वाटले. ते बहुधा त्या जातीचे शेवटचेच पक्षी होते. बेक दुष्ट होते असे म्हणून आपली सुटका होत नाही. ते आपल्या कामात निष्णात होते. त्यांनी फक्त मोजण्याआधी घेतले. मोजण्यासाठीच नमुना घ्यावयाचा असतो, मग आधी कसे मोजणार, असे कोणी विचारील. उत्तर एवढेच, की जेथे शिल्लक माहीत नाही तेथे ती थोडी आहे असे धरून चालावे. घरातला शहाणा माणूस डब्यात किती पीठ आहे हे दिसत नसेल, तर पाहुण्यांना जेवायला बोलावण्याआधी हात घालून पाहतो.

दुसरी नोंद परवानगीची. परवानगी म्हणजे जबाबदारीतून मोकळीक, असा पुष्कळांचा समज असतो. १९६४ मध्ये अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या व्हीलर शिखराखाली डोनाल्ड करी हे विद्यार्थी पूर्वीच्या हवामानाचा अभ्यास करीत होते. तेथील ब्रिसलकोन पाइन ही झाडे फार जुनी. झाडाला मारल्यावाचून बारीक गिरमिटाने पेन्सिलीएवढा नमुना काढता येतो. ह्या एका झाडाच्या बाबतीत ते का जमले नाही, की नीट करूनच पाहिले नाही, ह्याविषयी सांगणारे निरनिराळे सांगतात. वनखात्याची रीतसर परवानगी निघाली आणि झाड तोडले गेले. मागून वलये मोजली. ती चार हजार आठशेंहून अधिक भरली. तोपर्यंत माणसाने वय मोजलेल्या झाडांत ते सर्वांत वृद्ध होते. कागद सगळे बिनचूक होते! आम्हा युनियनवाल्यांना हे पाठ आहे. यंत्राची तपासणी झाल्याचा दाखला भिंतीवर असतो आणि त्याच यंत्रात कामगाराचा हात जातो.

आपल्याकडेही कायदे आहेत. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव प्राणी, अशी उदार व्याख्या आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या बाराव्या कलमाखाली शास्त्रीय संशोधनासाठी परवाना मिळतो. हे सर्व हवेच. पण समित्यांपुढे चर्चा होते ती बहुधा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांची. गांडूळ, गोगलगाय, भुंगेरा ह्यांच्यासाठी कोणी बैठक बोलावीत नाही. तेथे समिती म्हणजे ज्याच्या हातात पेला आहे तो माणूस.

तिसरी नोंद खरेपणाची, आणि तिची गोष्ट आमच्या खानदेशची आहे. रानपिंगळा हे एक लहानसे घुबड. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम ह्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. १८८० नंतरच्या काही वर्षांत जेम्स डेव्हिडसन ह्या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने बंदुकीने टिपले. १८८४ नंतर खरा नमुना नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात पक्षी, आणि ते सगळे मेलेले. मात्र त्यांपैकी एकावर चिठ्ठी होती १९१४ सालची, तापीकाठच्या मांडवीची, आणि खाली नाव कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन ह्यांचे. पुढे पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी त्या नमुन्याची शिलाई न् शिलाई तपासली. तो डेव्हिडसनचाच पक्षी होता! कर्नलसाहेबांनी संग्रहालयातून तो चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी जागा आणि खोटी तारीख चिकटविली होती. त्या एका चिठ्ठीने पक्ष्याच्या शेवटच्या दर्शनाचे साल तीस वर्षांनी पुढे ढकलले आणि शोधाचा पत्ताही चुकविला.

खोटी चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेनबाई आणि त्यांचे सोबती खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागाने निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. एकशेतेरा वर्षांनी! त्यांनी त्याचे छायाचित्र घेतले, चित्रफीत घेतली, आणि त्याला बसला होता तेथेच राहू दिले. पुढे मेळघाटात, तानसाच्या रानात आणि मध्य प्रदेशातही हा पक्षी आढळला. आजही तो धोक्यातल्या जातींत मोडतो.

ह्या गोष्टीत आपला सारा विषय आला आहे. डेव्हिडसनने मारलेल्या पक्ष्यांवाचून रानपिंगळा कोठे शोधावा आणि कसा ओळखावा हे कळले नसते. हे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु त्याच ऋणामुळे १९९७ साली पुन्हा मारण्याची गरज उरली नाही. मागच्याने घेतलेला नमुना नीट जपला, तर पुढच्याला घ्यावा लागत नाही. आणि खोटी चिठ्ठी लिहिणारा त्या पक्ष्याला दुसऱ्यांदा मारतो.

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च ह्या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठी तीन गोष्टी सांगितल्या. प्राण्यावाचून काम भागते का पाहा. भागत नसेल तर कमीत कमी घ्या. आणि जे घ्याल त्याला कमीत कमी यातना द्या. रानातल्या कामालाही ह्या तिन्ही लागू आहेत. पेल्याच्या तोंडावर तारेची जाळी बसविली तर बेडूक आणि चिचुंद्री आत पडत नाहीत, किडा पडतो. काम नसेल त्या दिवशी झाकण लावता येते. जिवंत पकडून मोजून सोडावयाचे असेल, तर रोज पहाटे, ऊन तापण्याआधी, सापळा पाहावाच लागतो. काही ठिकाणी पीस, विष्ठा, आवाज किंवा ओढ्यातले लोटाभर पाणीसुद्धा आता पुरते. पाण्यात सुटलेल्या अंशावरून त्यात कोण राहते हे ओळखता येते. ह्या तिन्हींना मी एका कामगाराच्या नात्याने चौथी जोडतो. जाताना खड्डा बुजवा, आणि बुजविण्याची मजुरी अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच धरा. जे काम अंदाजपत्रकात नसते ते कोणाचेच नसते. मग ते एखादा म्हातारा मजूर बिनरोजाने करतो, किंवा होतच नाही.

एका आक्षेपाचे उत्तर देऊन संपवितो. माझे शेतकरी मित्र मला हसतात. म्हणतात, “कपाशीवर एका फवारणीत आम्ही जेवढे किडे मारतो, तेवढे तुमच्या शास्त्रज्ञाला जन्मात मिळणार नाहीत. रात्री दिव्याखाली, मोटारीच्या काचेवर किती मरतात! एकशेवीस पेल्यांचे काय घेऊन बसलात?” आकडा त्यांचा बरोबर आहे. परंतु शेतकरी पीक वाचविण्यासाठी मारतो. पीक वाचले की नाही, हे त्याला आणि जगाला दिसते. शास्त्रज्ञ जाणण्यासाठी मारतो. जाणणे झालेच नाही, तर त्याच्याजवळ दुसरे कोणतेही कारण उरत नाही. शिवाय त्या रानात किडा आहे की संपत चालला आहे, हे आपल्याला सांगणारा तो एकच माणूस. साक्षीदारानेच निष्काळजीपणा केला तर निवाडा कशावर करावयाचा?

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे आपल्या मनात असेल. ती दुसऱ्या वर्षी पुन्हा आली. पेले निम्मे केले, त्यांवर जाळी बसविली, आणि खिशाला शिसपेन्सिल दोरीने बांधलेली. ह्या खेपेस करारावर आमच्या संघटनेची सही झाली. त्यात शेवटचे कलम असे होते: “काम संपल्यापासून तीन दिवसांत सर्व खड्डे मोजून बुजविले जातील व त्याची मजुरी खणण्याच्या दरानेच दिली जाईल.” ‘मोजून’ हा शब्द आमच्या त्या म्हाताऱ्या सभासदांनी घालावयास लावला. त्यांना लिहिता येत नाही. त्यांनी अंगठा दिला. काम संपल्यावर साठच्या साठ पेले त्यांनी स्वतः मोजून माझ्यासमोर ठेवले, आणि मगच मजुरी घेतली.

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण उद्या रानात जातील, ओढ्यात जाळे टाकतील, झाडाला गिरमिट लावतील. त्यांनी अवश्य जावे; न जाणाऱ्यापेक्षा जाणारा बरा. शिक्षकांना मात्र माझी विनंती आहे, की वर्गासाठी पन्नास फुलपाखरे टाचण्याऐवजी पूर्वीची टाचलेली पन्नास आधी कपाटातून काढून दाखवावीत. आणि आम्ही, जे शास्त्रज्ञ नाही, त्यांनी ‘हे त्यांचे शास्त्र, आपल्याला काय कळते’ असे म्हणून गप्प बसू नये. मी एकदा तसा गप्प बसलो होतो. त्याचा हिशेब अकरा पेल्यांत माझ्यापुढे आला.